सपरीतली सुट्टी

चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या गाड्या एकावर थांबतात, गोंदियाकडची पॅसेंजर दुसऱ्यावर. हे दुसरं म्हणजे चांदा फोर्ट. दिवाळी दोन दिवसांवर आली आहे आणि फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. ऊन ऑक्टोबरचं. मे महिन्यात ४७-४८ अंशांवर जाणाऱ्या या शहरात त्याला कुणी ऊन म्हणत नाही, तरी माणसं शेडच्या सावलीबरोबर सरकत राहतात. आधी पिशव्या सरकतात, मागून मुलं.

गाडी किती लेट आहे ते भोंगा सांगत नाही. शेंगदाणेवाला सांगतो. "पाऊन घंटा." त्याचं सहसा बरोबर निघतं.

नळाजवळ एक मुलगी सॅकवर बसली आहे. मांडीवर मेडिसिनचं जाड पुस्तक. पुस्तक उघडं आहे, पान उलटत नाही. मान खाली जाते, पुन्हा वर येते. एमबीबीएसचं शेवटचं वर्ष. काल रात्रीपर्यंत वॉर्डात होती. सॅकच्या उघड्या चेनमधून स्टेथोस्कोपची नळी बाहेर डोकावते आहे. ते ध्यानात येताच ती नळी आत कोंबते आणि चेन ओढून घेते. "गाडीत हे दिसलं की सुट्टी डब्यातच संपते," असं म्हणून हसते.

तिचं नाव इथं सांगत नाही. दिवाळीच्या तोंडावर या फलाटावर अशी पोरं-पोरी हमखास भेटतात. कुणी नर्सिंगचं, कुणी फार्मसीचं, कुणी हिच्यासारखं. चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झालं. गडचिरोलीला ते यायला २०२४ उजाडलं, तेही १०० जागांचं. हिचा नंबर त्याआधीच लागला. म्हणून ही वैनगंगेच्या अलीकडे शिकते आणि पलीकडची आहे. सुट्टी आठवडाभराची.

गाडी येते. आधी खिडकीतून पिशव्या आत जातात, मग माणसं दारातून. तिला दाराजवळ टेकायला जागा मिळते. केळझरच्या अलीकडेच दोन्ही बाजूंनी जंगल रुळांना येऊन भिडतं. साग, ऐन, बांबू. डब्यात एकदम गार वाटतं. बोलणंही खाली येतं. गाडी शिट्टी देत देत, हळू चालते. या रुळांवर चितळं, रानडुकरं, अस्वलं आडवी येतात. २०१८ साली वाघिणीचे तीन बछडे याच मार्गावर गाडीखाली गेले. शेजारचे काकाजी खिडकीबाहेर बोट दाखवून जागा सांगतात. त्यांनी दाखवलेली जागा खरी की अंदाजाची, कोण जाणे.

मूल स्टेशन गेलं की धान सुरू होतो. हलका धान पिवळा पडलेला, भारी धान अजून हिरवा. बांध्यांमध्ये वाकलेल्या बायांच्या रांगा. मागे कडपा आडव्या पडलेल्या. सिंदेवाही, नागभीड. एचएमटी नावाचा जो तांदूळ मुंबई-पुण्याच्या दुकानांतून मिळतो, त्याचं वाण या नागभीड तालुक्यातल्या एका लहान शेतकऱ्याने आपल्या बांधीतून निवडून काढलं. डब्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सांगताना आवाज चढतो.

ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल. पाणी अजून भरपूर आहे, काठाशी मात्र वाळू उघडी पडायला लागलेली. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. अलीकडची दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. पलीकडे ती १९९३ पासून आहे. गाडी पुलावर चढते तशा एक-दोन पिशव्या सीटखाली आणखी आत सरकवल्या जातात. कुणी काही पाहिलेलं नसतं.

वडसा. आजवर साऱ्या जिल्ह्याला रेल्वेचं असं हे एकच स्टेशन. गडचिरोलीपर्यंत रूळ नेण्याचं काम चालू आहे. तोवर पुढचा सगळा जिल्हा एसटीचा. स्टेशनाबाहेर पडलं की भिंतीभिंतींवर नाटकांची पोस्टरं. लाल-पिवळी अक्षरं, नायिकेचा रडवेला चेहरा, खाली लावणीवाल्या बाईचा वेगळा फोटो. या भागाला झाडीपट्टी म्हणतात; तिच्या रंगभूमीची ही राजधानी. पन्नासच्या आसपास नाट्यमंडळं, त्यांची कार्यालयं याच गल्ल्यांत. दारासमोर गावागावांहून आलेली चार-चार पोरं मोटरसायकलींवर बसून तारखेचा घोळ मिटवत आहेत. भाऊबीजेपासून हंगाम सुरू होईल तो होळीपर्यंत.

एसटी स्टँडवर कुरखेड्याच्या गाडीला रांग नाही, घोळका आहे. वाहक बाई दारातच तिकिटं फाडते. बायांना अर्धं तिकीट, २०२३ च्या मार्चपासून. त्यामुळे सणाला माहेरी निघालेल्या बाया यंदाही लेकरं, कोंबड्या आणि फराळाच्या डब्यांसकट आत आहेत. ती उभ्यानेच जाते. फाट्यावर धाकटा भाऊ सायकल घेऊन उभा आहे. सॅक कॅरिअरवर, दोघं पायी. अंधार पडला आहे. बोलणं चालू आहे ते फक्त म्हशीच्या वासराबद्दल.

सकाळी सहाला आई अंगणात सडा टाकते. घर मातीचं, कवेलूंचं, पुढे लांब सपरी, म्हणजे ओसरी. सपरीच्या कोपऱ्यात धानाची रिकामी पोती, नवा झाडू, पणत्यांची टोपली. आत ती झोपली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई हाताने खूण करते. "निजू द्या तिले."

सातच्या सुमारास एक म्हातारी येते. सपरीत खांबाला टेकून बसते. काही विचारत नाही. मांडीवर गाठोडं. थोड्या वेळाने एक पोरगा येतो, मग कडेवर लेकरू घेतलेली बाई, मग दोघं आबाजी. चपला पायरीशी ओळीने लागतात. नंबर कुणी दिलेले नाहीत, पण कोण कुणाच्या आधी आलं हे प्रत्येकाला पाठ आहे. ऊन पायरीवर येतं, पायरीवरून सपरीत चढतं. लोक भिंतीकडे सरकतात. आत चूल पेटली आहे, धुराबरोबर तेलाचा वास येतो. अनरसे.

आठला ती दात घासत बाहेर येते. सपरीकडे पाहते, आईकडे पाहते. आई दुसरीकडे पाहते.

चहा होतो. मग सॅकमधून रक्तदाबाचं यंत्र निघतं, आणि सुट्टीतली ओपीडी सुरू.

म्हातारी गाठोडं सोडते. "बाई, ह्या गोऱ्या कायच्या आहेत, पाय बरं." गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापलेल्या. दुकानदाराने दहाची पट्टी तोडून चार-चार दिल्या, तेव्हा नाव आणि तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यात गेली. ती एकेक तुकडा उजेडात धरते. मागची अक्षरं जुळवते. एक प्रेशरची. एक ॲसिडिटीची. तिसरीचं काही कळत नाही. ती बाजूला ठेवायला सांगते. "आजी, ही नको घेऊ. आरोग्य केंद्रात ने, तिथं दाखव." मग यंत्राचा पट्टा त्या काटकुळ्या दंडाला दोनदा गुंडाळते. सगळी सपरी गप्प. पट्टा फुगतो, सुस्कारा सोडतो. आकडा ती मोठ्याने वाचते आणि सगळे माना हलवतात, जणू आकडा त्यांचाच आहे.

पोरगा पुढे येतो. वय विशीच्या आत. गालात काहीतरी आहे, ते तो सपरीबाहेर जाऊन थुंकतो. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला हा ऐवज इथं पानठेल्यावर दिवसभर मिळतो. शाळेच्या आसपासही. "तिखट लागते तोंडाले," तो म्हणतो. ती त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगते. लोकांना गंमत वाटते. दोनच जातात. ती पुन्हा करून पाहायला सांगते. दोनच. ती आता हसत नाही. कॉलेजला या परीक्षेचं नाव वेगळं असेल; इथं ती त्याला एवढंच सांगते की हे आतून आखडत चाललंय, आज बंद केलं तर आहे तिथं थांबेल, चालू ठेवलं तर पुढं भाकरी आत जाणार नाही. दंतवैद्याला दाखव. तो हो म्हणतो. त्याच्या खिशातून पुडीचा कोपरा दिसतो आहे.

कडेवरच्या लेकराची आई फाइल घेऊन आली आहे. फाइल नीट ठेवलेली, प्लास्टिकमध्ये. लेकराचे डोळे पिवळसर. सिकलसेल, एसएस. आई शिकलेली नाही, पण हे दोन शब्द ती स्वच्छ उच्चारते. मुलगी लेकराची पापणी खाली ओढून पाहते, पोट चाचपते, प्लीहा कुठवर लागते ते बोटांनी मोजते. कॅप्सूल रोज देता का? संपली होती मधी. किती दिवस? बाई आठवते. कापणी चालू होती. ती फाइलवर काही लिहीत नाही. पाणी भरपूर पाज, रात्री थंडीत बाहेर काढू नको, कॅप्सूल उद्याच आण, ताप आला तर थांबू नको. ती एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगते आणि बाईकडून पुन्हा म्हणवून घेते.

एक आबाजी चिडले आहेत. त्यांना गुडघ्यात सुई हवी आहे. "डॉक्टर झाली न सुई नाई मनते!" ती समजावते. अजून परीक्षा आहे, मग वर्षभराची इंटर्नशिप, मग नोंदणी. तोवर चिठ्ठी लिहायचा अधिकार नाही, सुईचा तर नाहीच. आबाजींना पटत नाही. पाच वर्षं शिकून सुई येत नाही, हे त्यांना शिक्षणाचंच अपयश वाटतं.

मी सपरीच्या टोकाला बसून हे पाहतो आहे. साडेदहा होतात. एवढ्या वेळात तिने एकही औषध दिलेलं नाही. फक्त वाचलं, विचारलं, चाचपलं आणि पाठवलं. तरी माणसं हलकी होऊन उठतात, आणि हे मला खटकतं. वेळ काढून गोळीचं नाव वाचून दाखवणारं कुणी असणं ही इथं एवढी मोठी सोय असावी? आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा सरकारी निकष आहे. मैदानी भागात तो ३० हजारांचा. आकडा ऐकायला उदार आहे. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती आणि गडचिरोलीत ७४. वीस हजार माणसं जमवायला इथं फार मोठं जंगल लागतं. मध्ये नाले.

दुपारी ती बांधीत जाते. आई नको म्हणते, तरी जाते. विळा धरायची सवय सुटली आहे. थोड्याच वेळात तळहात लाल होतो आणि बाया चिडवतात. "सुई धरनारे हात हे!" कापणीचा आवाज एकसारखा चालू आहे. चर्र, चर्र. मध्येच कुणीतरी कंबर सरळ करतं आणि वाकतं. धुऱ्यावर पाण्याची कळशी, झाडाला टांगलेली भाकरीची पिशवी. उन्हात धानाचा गोड, कोंदट वास.

बांधीच्या कडेला मचाण बांधलं आहे. वडील रात्री तिथं असतात. पूर्वी राखण डुकरांसाठी होती. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला आणि तेव्हापासून कुरखेडा, कोरची, आरमोरीकडच्या शेतकऱ्यांची धान पिकायच्या दिवसांतली झोप गेली. हत्ती खातात थोडं, तुडवतात फार. वडील टेंभा, डबा, बॅटरी दाखवतात. ती मात्र मचाणाखाली जमिनीवर अंथरलेला पाला पाहते. "बाबा, इथं खाली नाई निजायचं." मण्याराचा दंश दुखत नाही, सकाळी डोळे उघडत नाहीत तेव्हा कळतं. वॉर्डात तिने असा माणूस पाहिला आहे. वडील ऐकून घेतात. मग विचारतात, पास झाल्यावर बॉण्डचं काय.

बॉण्ड म्हणजे एमबीबीएसनंतर वर्षभर सरकारी सेवा. नाही केली तर १० लाख रुपये भरायचे. हा आकडा या बांधीत उच्चारला की कापणी क्षणभर थांबते. "करीन ना," ती म्हणते. कुठं, ते म्हणत नाही. वरच्या शिक्षणाची परीक्षा आहे, मैत्रिणी क्लासचे व्हिडिओ बघत आहेत, तिच्याही फोनमध्ये ते आहेत. वडील पुढे विचारत नाहीत. विळ्याला अंगठ्याने धार पाहतात आणि वाकतात.

घरी लाखोळीच्या वड्यांचा घाणा निघतो आहे. आईने नदीची मासोळी सकाळपासून झाकून ठेवली होती. मुलगी जेवते आणि आई शेजारी बसून ते पाहते. होस्टेलच्या मेसमध्ये काय मिळतं, हे आई रोज नव्याने विचारते. उत्तर तेच असतं.

पाडव्याला गाईंच्या शिंगांना रंग लागतो. गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचत येतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात मंडई. दिवसा शंकरपट, संध्याकाळी जिलेबी आणि पाळणे, रात्री नाटक. पाहुण्यांनी घरं भरली आहेत. मंडईला आलेले पाहुणे नुसते नाटक पाहत नाहीत. पोरगी पाहतात, पोरगा पाहतात. सोयरिकी इथं जुळतात.

जाहिरातीत नाटक साडेनऊला आहे. अकरा वाजता पडद्यामागे अजून हातोडी वाजते. शामियान्यात पुढे गाद्या, मागे खुर्च्या, त्यामागे उभी माणसं. थंडी उतरली आहे. मफलर, शाली, घोंगडी. स्टेजपुढच्या खड्ड्यात वादक बसले आहेत, फक्त त्यांची डोकी दिसतात. ऑर्गनवाला तेच दोन सूर पुन्हा पुन्हा लावून पाहतो. याच रंगभूमीच्या एका कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव माइकवरून घेतलं जातं आणि टाळ्या पडतात.

मध्यंतरात तिची मावशी तिला चहाच्या ठेल्यामागे ओढते. मावशीच्या पोरीला पाहून गेले आहेत. मंडळी चांगली, पोरगा नोकरीत. मावशी फोनवर फोटो दाखवते. शिबिरातला रिपोर्ट. ती जनरेटरच्या उजेडात स्क्रीन तिरपी धरते. एएस. म्हणजे वाहक, पोरीला स्वतःला आजार नाही. "मंग काई अडचन नाई ना?" मावशी विचारते. "पोराची तपासनी झाली का?" मावशीला माहीत नाही. विचारायची लाज वाटते. मुलगी ठेल्यावरची चार बिस्किटं मांडते. पोरगाही एएस निघाला तर प्रत्येक बाळंतपणाला असं: एक बिस्किट आजाराचं, दोन वाहक, एक मोकळं. प्रत्येक वेळी हेच, पहिल्या वेळी सुटलं म्हणून दुसऱ्या वेळी सुटेल असं नाही. मावशी बिस्किटांकडे पाहत राहते. मागे आतमध्ये ढोलकी सुरू झाली आहे, शिट्ट्या पडत आहेत. सिकलसेल संपवण्याची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असं तिचं ठरलेलं आहे. या ठेल्यामागे ती मोहीम एवढ्यावर येऊन थांबते की पोराकडच्यांना विचारायचं कोणी. "मी विचारतो," ती म्हणते. झाडीतल्या बाया असंच बोलतात, घरी आली की तीही. "माह्यावर ढकला. डॉक्टरनं सांगतलं मना."

पहाटे नाटक संपतं. नायिका मरते, लोक रडून घेतात, मग ट्रॅक्टरमध्ये बसतात.

परतायच्या दिवशी सकाळी भाऊ उठत नाही. अंग तापलेलं, थंडी वाजून दात वाजत आहेत. तिचा हात आधी कपाळावर जातो, मग सॅककडे. पण आईने तोवर आशाताईंना बोलावलंही आहे. त्या चार घरं पलीकडे राहतात. निळी पिशवी घेऊन येतात, हात धुतात. बोटाला टोच, पट्टीवर रक्ताचा थेंब, वर द्रावणाचे थेंब. आता पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मोबाइल उशाशी ठेवून आशाताई वेळ लावतात. बाहेर ट्रॅक्टर जातो. आई पदराशी चाळा करते. एक रेघ उमटते, ती यायचीच असते. सगळे पट्टीवर वाकून आहेत. मग फिकट दुसरी.

फाल्सिपॅरम. मेंदूवर जाणारा तो हाच हिवताप. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं याच एका जिल्ह्यातून येतो. आशाताई वय विचारत नाहीत, त्यांना माहीत आहे. त्याच्या वयाच्या रंगाचं पाकीट काढतात. तीन दिवसांच्या गोळ्या; पहिली मात्रा समोर, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास उलटी होते का ते बघत बसायचं. रजिस्टरमध्ये नोंद. मच्छरदाणी लावता का? भाऊ आईकडे पाहतो. मच्छरदाणी धानाच्या पोत्यांवर आहे, उंदरांसाठी. आशाताई काही बोलत नाहीत, उठून स्वतः काढून आणतात. अंतिम वर्षाची विद्यार्थिनी दोरी बांधायला एक टोक धरते.

त्या खोलीत सर्वांत कमी शिकलेली आरोग्य कर्मचारी काय करते आहे, ते ती लक्ष देऊन पाहते. लघवीचा रंग काळा पडला तर लगेच सांगा, हे आशाताई निघताना आईला बजावतात. हा प्रश्न तिला परीक्षेत येऊ शकतो. इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राचे १२ आठवडे असतात. ते कुठं करायचे याची तिने आशाताईंकडे चौकशी केली आहे. आशाताई म्हणाल्या, उपकेंद्रात रात्री लाइट जाते, बॅटरी घेऊन ये.

भाऊ झोपला आहे म्हणून फाट्यापर्यंत सॅक वडील आणतात. बस वेळेवर आहे, जागाही मिळते. वडशाला गाडीच्या आधी तासभर हाताशी राहील. उद्या सकाळी आठला वॉर्ड राउंड.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला या हंगामात झाडीपट्टीचं नाटक पाहायचं असेल, तर जरूर जा, रात्रभर बसा. मच्छरदाणी सोबत न्या. आणि परतल्यावर महिन्याभरात ताप आला, तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला आधी एवढं सांगा, की मी गडचिरोलीहून आलो आहे, रक्त आजच तपासा.